पायरीवरचा चहा

"चहा घे ना, आये. निवतोय."

श्रुतिकाने कप बसच्या पायरीवर ठेवला. मी तिच्या अंगणात, म्हणजे अंगण हे आपलं बोलायला, एका खुर्चीत अंग चोरून बसले होते. खुर्ची तरी कसली, चार काठ्यांना टांगलेली कापडी झोळी. बसलं की गुडघे हनुवटीला लागतात. माझे गुडघे तर एरवीच बोंबलत असतात.

"मला नको. घरनं पिऊन आलेय मी."

"घोटभर घे गो. किरणनं केलाय."

"जावयानं केलेला चहा प्यायला आले नाय मी. तुला न्यायला आलेय. ऊठ, साडी नेस नि वर चल. पालखी निघाली आसंल देवळातनं."

"येऊ की. आदी चहा घे."

ती हसली. मी हसले नाही. हा नुसता चहा नाही, हे दोघींनाही पक्कं ठाऊक होतं. ते सांगतेच. पण आधी ही जत्रा कसली ते सांगायला हवं, कारण अशी जत्रा आमच्या वाडीच्या बापजाद्यांनी बघितली नव्हती.

पोलादपूरच्या अलीकडे सावित्रीला लागून आमच्या वाडीचे मळे आहेत. त्यातला सगळ्यात मोठा भरतचा. भरत माझा चुलतदीर. भात काढून झालं की तिथे गुरं चरतात. या वर्षी शिमग्याच्या तोंडावर तिथे बसगाड्या चरायला आल्या. शाळांच्या जुन्या, मोडीत निघालेल्या बस. त्या विकत घ्यायच्या, आतली बाकडी उपटायची, गादी-शेगडी मांडायची आणि त्यात राहायचं. पुण्याची, मुंबईची, नाशिकची शिकलीसवरलेली माणसं हे करतात आणि वर्षातून एकदा कुठेतरी गोळा होतात. त्याला संमेलन म्हणतात. साहित्यिकांचं असतं, नाटकवाल्यांचं असतं, आता बसवाल्यांचंही.

एका बसवर मोर रंगवलेला. दुसरीवर डोळा, नुसता एक डोळा, पापण्यांसकट. एक बस घाटात दमली म्हणून तिला ट्रकला बांधून आणली होती आणि तिचा मालक ते असं सांगत फिरत होता जसा काही स्वतःच खांद्यावरून घेऊन आला. एक जोडपं गवतावर डोकं खाली, पाय वर करून उभं होतं. सुलट उभं राहून यांचं काय बिघडलं होतं देव जाणे. कडेला एक तंबू होता, त्यात बादली आणि भुसा. त्यावर बसतात म्हणे. आमच्या वाडीत घरोघरी संडास बांधून झाले, साहेब लोक येऊन फोटो काढून गेले, आणि ही माणसं भुशावर येऊन पोचली.

शाळेच्या बसबद्दल मला कोणी शिकवू नये. माझं सगळं आयुष्य त्यातच गेलं. महाडच्या एका शाळेच्या बसवर मी मावशी होते. महाड ते पोलादपूर, पोलादपूर ते महाड. दाराजवळ एक घडीची सीट असते ना, बाकाची पण नाही आणि स्टुलाची पण नाही, तिथे मावशी बसते. पोरांना उचलून आत घ्यायचं, शेंबूड पुसायचा, खिडकीतून बाहेर काढलेली डोकी आत ढकलायची, आणि घाटाच्या वळणावर कोण ओकणार हे त्याच्या तोंडावरून आधीच ओळखायचं. नवरा मुंबईला एका कंपनीच्या कँटीनमध्ये. त्याने तिकडे भांड्यांचे ढीग उपसून इकडे वाडीत घर बांधलं. स्लॅबचं, फणसाच्या उंबऱ्याचं. ते घर वर्षभर कुलपात. मी आणि श्रुतिका महाडला एसटी डेपोच्या मागे एका खोलीत. गणपती, शिमगा आणि मे महिना एवढंच काय ते घर उघडायचं. म्हातारपणी दोघं जाऊन राहू असं ठरलं होतं. गेलो राहायला. मग तो गेला गेल्याच्या गेल्या वर्षी, मी राहिले.

तर ज्या बसमधून खाली उतरायला मला उभा जन्म लागला, त्यात माझी शिकलेली पोरगी आपण होऊन चढून बसली होती. वर ते सगळ्यांना कौतुकाने दाखवत होती.

"ये, बघ तरी आत," ती म्हणाली.

मी झोळीतून कशीबशी उठले आणि दाराशी जाऊन नुसती मान आत घातली. मागचं लांब बाकडं ठेवलं होतं, त्याची पलंगाची सोय. मधे ओटा, शेगडी, भांडी एकात एक बसवलेली. किरण लॅपटॉपवर बसला होता. माझा जावई. अर्धं डोकं भादरलेलं, उरलेल्या अर्ध्याचा बुचडा. अमेरिकेतली कामं करतो म्हणे, भरतच्या मळ्यात बसून. त्याने उठून नमस्कार केला. मुलगा वाईट नाही. पण वाईट नाही एवढंच.

आणि दाराजवळ ती सीट. घडीची. तशीच, पिवळ्या पत्र्यावर चिकटलेली, रेक्झिन नवं टाकलेलं.

"ही काय करायची ठेवलीस?"

"किरण काढीत होता. मी नाय काढू दिली. तुझी हाय ती."

"काढून टाक. ह्या सीटनं माझी कंबर खाल्ली."

तिने सीटची घडी उघडून दाखवली. मी वरच्या रंगाला नावं ठेवली. वरून कितीही निळा फासा, बिजागरीत पिवळा दिसतोच.

आता चहाचं सांगते.

आमच्या वाडीत वेगळं होणं चुलीवर होतं. मुलगा-सून वेगळी निघाली, की नव्या चुलीवरचं पहिलं काहीतरी घरातल्या मोठ्या माणसाने त्यांच्या उंबऱ्याच्या आत बसून घ्यायचं. चहा असो, गूळपाणी असो. घेतलं की चूल वेगळी झाली, ते घर झालं. मग शिमग्याला देवीची पालखी त्या दारात थांबते. नाही घेतलं, तर पालखी त्या दारावरून पुढे जाते, मग आत हंड्या-झुंबरं का लावलेली असेनात. वाडीतल्या जानूच्या आईने सुनेशी भांडण धरलं आणि तिच्या हातचं पाणीही घेतलं नाही. ती सून दर शिमग्याला ओटीचं ताट घेऊन दारात उभी राहायची आणि पालखी पुढे जायची. तिचं तोंड मी बघितलंय. मग ती मुकाट मागे सरायची, कोणाला वाट करून देतात तशी.

याची दुसरी बाजूही आहे. एकदा वेगळ्या दारात पालखी घेतली की जुन्या उंबऱ्यावरचा हक्क संपला. आणि आमचा उंबरा साधा नाही. वाडीत पालखी पहिल्यांदा आमच्याकडे थांबते. पहिली ओटी आमची. सासऱ्यांनी भरली, नवऱ्याने भरली, तो गेल्यावर मी भरते. दोन पाट मांडतात. एकावर भरणारा, दुसऱ्यावर त्याच्या मागून भरणारा, त्याचा वारस. माझा दुसरा पाट रिकामा. या वर्षी गावकीने सांगितलं, काशीबाई, दुसऱ्या पाटावर माणूस दाखव, नाहीतर भरतला उभा कर.

भरत म्हणजे गोडबोल्या. समोर आला की "वयनी, तुमचं कसं चाललंय", पाठ फिरली की कुंपण हातभर आत. त्याला मान द्यायचा म्हणजे माझ्या नवऱ्याने घासलेल्या प्रत्येक भांड्यावर पाणी सोडायचं. मी गावकीत उभी राहिले. बायकांनी तिथे बोलायचं नसतं, मी बोलले. म्हटलं, माझी श्रुतिका उभी राहील. भरत म्हणाला, "लगीन झालेली पोर, ती दुसऱ्याच्या घरची." मी म्हटलं, "दाखव मला तिचं दुसरं घर! बस हाय ती, बस. चाकावरच्या टपराला कोण घर बोलतं काय? तिचं घर एकच, माझं." सगळी गावकी हसली. सोमा गुरवही हसला. आणि मान ठरला पोरीचा. आमच्या वाडीत असं कधी झालं नव्हतं.

म्हणून मी पहाटेपासून दोन पाट धुऊन मांडले होते आणि श्रुतिकाला न्यायला आले होते. म्हणून मी तो चहा घेत नव्हते. आणि म्हणूनच ती तो पुन्हा पुन्हा पुढे करत होती.

"तू मुद्दाम हितं आणलीस ना ही जत्रा?" मी विचारलं. "सगळी मुलूखभर जागा सोडून आपल्याच मळ्यात?"

"मुद्दामच आणली."

"का?"

"पालखी माझ्या दारात यावी म्हणून."

"दार!" मी म्हटलं. "हे दार? ह्याला घंटी वाजवून उघडायचं नि पोरं उतरवायची. बाये, तुझ्या बापानं फणसाचा उंबरा घातलाय तुझ्यासाटी."

"तो बाबांचा उंबरा हाय, आये. मी तितं वर्साकाठी चार दिस येणार, साडी नेसून पाटावर उभी ऱ्हाणार, फोटो काढणार नि जाणार. मग देवीला काय सांगू? हितं ऱ्हाते? खोटं बोलू?"

"मग ये ना ऱ्हायला!"

"नाय जमणार."

"बसमधी जमतं नि घरात नाय जमत?"

ती खाली बघून म्हणाली, "त्या घरात आपण होतो कवा गो? कायम कुलूप. शाळा सुटली की मी पळत बसपाशी यायची. तू त्या सीटवर असायचीस. माझ्यासाटी घर ते होतं."

असं तोंडावर सांगितल्यावर माणसाने काय करावं? मला तिचा राग आला आणि तिला जवळ घ्यावंसंही वाटलं. मी दोन्ही केलं नाही. तेवढ्यात तिकडून एक बाई आली. सलोनी तिचं नाव, या संमेलनाची मुख्य. हातभर बांगड्या, पायात काही नाही.

"काकू, तुम्ही श्रुतिकाच्या आई ना? किती छान! तुमच्यासारखंच जगायचं म्हणून आम्ही हे सगळं करतोय. साधं, जमिनीजवळ."

"माझ्यासारखं?" मी म्हटलं.

"हो ना. आम्ही सगळं सोडून दिलं. फ्लॅट, नोकरी, सगळा पसारा."

तिची बस शेजारीच होती, दार सताड उघडं. मी आत बोट दाखवलं. "मग तो फ्रीज कोणाचा?"

"तो... तो सोलरवर चालतो, काकू."

"अस्सं. आमच्या घरची वीज गेली की वायरमनला शोधत पार पोलादपूर गाठावं लागतं. तुमचं बरं आहे. ऊन पडलं की झालं." मग मी नदीकडे हात केला. "पावसाळ्यात पण या बरं का इथेच. या मळ्यात पाणी भरतं. तुमच्या बस आपोआप महाडपर्यंत जातील, डिझेल नको."

ती खळखळून हसली. तिला वाटलं मी विनोद केला. मग श्रुतिकाचा हात धरून म्हणाली, "अगं, भरतभाऊ म्हणाले पालखी आपल्या ग्राउंडवर येणार आहे. ढोल वगैरे. सगळे जण खूप एक्सायटेड आहेत."

भरतभाऊ! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मळा याने उगाच दिला नव्हता. पालखी इथे थांबली, श्रुतिकाने ओटी भरली, की वरचा पाट मोकळा. स्वतः एक शब्द न बोलता. आणि माझी शहाणी पोरगी आपल्या पायाने चालत त्याच्या जाळ्यात आली होती.

मी तिला बाजूला ओढलं. "तुला कळतंय काय? तू हितं ओटी भरलीस तर तितला मान भरतचा होतो."

"कळतंय."

"आणि तरी?"

"मला मान नको, आये. मला दार पायजे."

मी कपाळावर हात मारून घेतला. मग म्हटलं, "भर बघू कशी भरतेस. चहा मी घेतलेला नाय. पालखी थांबायची नाय." आणि गेले ती रस्त्याच्या कडेला आंब्याखाली जाऊन उभी राहिले. एकटीच वर जावं, पालखी घ्यावी, असं मनात होतं. पण पाय निघेना. बघू तरी, म्हटलं.

वरून ढोल-सनईचा खालूबाजा वाजायला लागला. देऊळ नदीच्या वरच्या अंगाला, म्हणून पालखी वाडीत जाताना मळ्यावरूनच जाते. बसवाले सगळे धावत सुटले. डोकं खाली करून उभं राहिलेलं जोडपंही सरळ झालं. हातोहाती मोबाइल. एक जण बाज्याच्या तालावर असे काही हात हलवायला लागला की मला वाटलं याला गांधीलमाश्यांनी घेरलं.

श्रुतिकाची बस रस्त्याला अगदी लागून. मी तिकडे बघितलं आणि बघतच राहिले.

एवढ्या वेळात पोरीने साडी नेसली होती. माझीच, हिरवी, मी दिलेली. बसच्या दारात खाली फणसाची एक फळी ठोकलेली होती. सकाळी माझ्या डोळ्यांना ती दिसलीच नव्हती, मी वरचा रंग बघत बसले. त्या फळीला हळद-कुंकू. पुढे सारवलेलं, सारवणावर रांगोळी. समई. ताटात तांदूळ, नारळ, खण, सगळं जिथल्या तिथे, उजवीकडचं उजवीकडे. मी काही तिला कधी बसून शिकवलं नव्हतं. बघून बघून शिकली असणार. आणि पायरीवर तो चहाचा कप, सकाळी होता तसाच. तिने तो हलवला नव्हता. रांगोळीचं बोट पायरीवर चढून कपाला वळसा घालून गेलं होतं.

ती अनवाणी उन्हात उभी होती. मागे किरण, डोक्यावर टोपी घालून. बुचडा त्यात मावला नव्हता.

पालखी आली आणि सोमा गुरवाने हात वर केला. बाजा थांबला. सोमा म्हातारा आहे, पण पालखीपुढे चालताना त्याची मान ताठ होते.

"ह्ये काय रे?" तो म्हणाला.

भरत लगेच पुढे आला. पांढरा लेंगा, कपाळभर गुलाल. "घर हाय, सोमाकाका. आपल्या किशोरदादाच्या पोरीचं. थांबवा पालखी. पोर वाट बघतेय."

"घर कशावरनं?"

"अवो, उंबरा हाय, शेगडी हाय, नवरा-बायको ऱ्हातात. आणखी काय पायजे? आता दिस बदलले."

दिस बदलले! जो गावकीत लग्न झालेल्या पोरीला परकी म्हणाला, त्याला आता दिवस बदललेले दिसत होते. मला त्याच्या गुलालावर थुंकावंसं वाटलं.

सोमाने मान हलवली. "दिस बदललं तरी रीत हाय. चूल कुणी चाखली? घरचं मोठं माणूस कोण?" त्याने गर्दीवरून नजर फिरवली आणि मी सापडले. "काशी, तू हायस व्हय हितं. तू सांग. तूच बोललेलीस ना गावकीत, टपराला कोण घर बोलतं? मंग? ह्ये घर हाय का टपर?"

सगळी वाडी माझ्याकडे बघायला लागली. बसवालेही बघायला लागले, त्यांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग. सलोनीने मोबाइल माझ्याकडे वळवला.

भरत हसत होता, तोंडातल्या तोंडात. माझी दोन्हीकडून कोंडी झालेली त्याला माहीत होती. नाही म्हटलं तर माझी पोर चारचौघांत पडते, हो म्हटलं तर मी.

मला हो म्हणवेना, नाही म्हणवेना. पालखी खांद्यावर घेतलेले गडी अंगाची चुळबुळ करायला लागले. देवीला असं वाटेत ताटकळत ठेवत नाहीत. सोमाने थोडी वाट बघितली, मग श्रुतिकाकडे बघून मऊ आवाजात म्हणाला, "पोरी, राग मानू नको. चला रे म्होरं."

आणि श्रुतिका मागे सरली. ताट हातात तसंच. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही, विनवणी नाही, काही नाही. नुसती मान खाली घालून मागे सरली, पालखीला वाट करून द्यायला. अगदी जानूची बायको सरायची तशी.

मला ते बघवलं नाही. ते तोंड माझ्या पोरीचं नको. आणि या फोटो काढणाऱ्या बुचडेवाल्यांसमोर तर मुळीच नको.

"थांब रे, सोमा!" मी ओरडले.

गर्दीतून वाट काढत मी बसपाशी गेले. श्रुतिकाने हात पुढे केला. "नको," मी म्हटलं, "ह्या पायऱ्या चढण्यात जन्म गेलाय माझा." पहिली पायरी उंच असते शाळेच्या बसची, पोरांना उचलून घ्यावं लागतं. माझे गुडघे किंचाळले. दांडा धरला, तो हाताला बरोबर सापडला, जागचा जागी. पायरीवरचा कप उचलला, उंबऱ्याची फळी ओलांडली आणि त्या घडीच्या सीटवर बसले. दाराकडे तोंड करून, सगळ्यांना दिसेल अशी.

चहा गार ढोण झाला होता. वर जाड साय, सायीत एक मुंगी. मी मुंगी बोटाने काढली आणि चहा प्याले. घोटभर नाही, अख्खा कप. किरण श्वास रोखून बघत होता, जसा काही त्याचाच निकाल लागणार आहे.

"साखर लई घालतोस," मी त्याला म्हटलं.

मग बाहेर बघून सोमाला म्हटलं, "घर हाय. मी चहा घेतला. थांबव पालखी."

सोमाने एकदा माझ्याकडे, एकदा भरतकडे बघितलं. तो गुरव आहे, मूर्ख नाही. "काशी, इचार करून बोललीस ना? वरचा पाट..."

"मला ठावं हाय वरच्या पाटाचं. पालखी थांबव, ऊन झालंय."

बाजा वाजला. पालखी फणसाच्या फळीपुढे टेकली. श्रुतिकाने ओटी भरली. तांदूळ थोडे सांडले, मी आतूनच म्हटलं, "सांडू दे, चालतं." सोमाने गाऱ्हाणं घातलं. दरवर्षीचंच गाऱ्हाणं, पोराबाळांना सुखी ठेव, गुराढोरांना राख. आणि शेवटी स्वतःच्या मनाचं जोडलं, ह्या लेकीचं घर जाईल तितं सुकरूप ऱ्हावं. सगळी वाडी हो म्हणाली. बसवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. गाऱ्हाण्याला टाळ्या! त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की हे संपल्यावर टाळ्या वाजवायच्या नसतात. मी डोळे पुसले ते त्यांच्याकडे पाठ करून.

उतरताना श्रुतिकाने माझा हात धरला आणि या वेळी मी धरू दिला.

"आये..."

"बोलू नको आता. मला वर पोचायचंय पालखीच्या आदी."

"किरण गाडीवर सोडतो."

"चालेन मी."

चालले. मळ्यातून पाऊलवाट जवळची आहे. मागे बाजा वाजत होता, मी पुढे. मधेच बसले एकदा दगडावर आणि रडून घेतलं. नवऱ्याला म्हटलं, तुझा पाट गेला रे. मग नाक शिंकरलं आणि उठले.

घरी आले तेव्हा दोन्ही पाट सकाळी मांडले होते तसेच होते. रांगोळी काढलेली, एकावर माझी, दुसऱ्यावर श्रुतिकाची. तिच्या पाटाभोवती मी वेल जरा जास्त काढली होती. पुसायला हात गेला, पण पुसली नाही.

पालखी वर चढून आली. मी डोक्यावर पदर घेऊन माझ्या पाटावर उभी राहिले. सोमाने विचारायचं म्हणून विचारलं, "दुसऱ्या पाटावर कोण?"

भरत गर्दीतून पुढे आला. त्याने चपला काढल्या होत्या पण पाय तसेच, मळ्यातल्या मातीने घोट्यापर्यंत भरलेले, त्यावर गुलाल. हसू तोंडावर मावत नव्हतं. "वयनी, मी उभा ऱ्हाऊ ना?" असं म्हणेपर्यंत त्याने एक पाय उचललाही, वेलीवर ठेवायला.

मी त्याच्या पायाकडे बघितलं.

"भरत," मी म्हटलं, "पडवीत हंडा हाय. पाय धुऊन ये."

सगळी वाडी थांबली, पालखी थांबली, बाजा थांबला. भरत गेला, हंड्यापाशी वाकला आणि पाय धुवायला लागला. आम्ही सगळे वाट बघत उभे राहिलो.

"टाचा पण," मी म्हटलं.